विकास आराखड्यावर हरकती व सूचना: नागरिकांनी काय, केव्हा आणि कसे करावे

घरासमोरचा रस्ता आहे तेवढाच राहणार की रुंद होणार, वस्तीलगतच्या मोकळ्या जागेवर मैदान होणार की व्यापारी संकुल, ओढ्याच्या काठाला बांधकाम परवानगी मिळणार की नाही, हे सारे शहराच्या विकास आराखड्यात ठरते आणि एकदा ठरले की पुढची वीस वर्षे ते बदलून घेणे फार जड जाते. महाराष्ट्रात हा आराखडा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘डीपी’, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार तयार होतो. नागरिकाने आपले म्हणणे केव्हा आणि कोणापुढे मांडायचे, हे त्याच कायद्यात ठरवून दिलेले आहे. मात्र बहुतेकांना त्याचा पत्ता लागतो तो हरकतींचे शेवटचे चार दिवस उरल्याची बातमी आल्यावर, आणि तेवढ्या वेळात छापील अर्जावर सही करण्यापलीकडे काही हातात राहत नाही.

ज्यांच्या नावावर शहरात एक गुंठाही जमीन नाही, अशा नागरिकांनी ही प्रक्रिया विशेष लक्षपूर्वक समजून घ्यावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कायद्याच्या कलम २८ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकते असे म्हटले आहे. त्यासाठी मालकी असण्याची अट नाही. ज्याच्या जमिनीवर शाळेचे किंवा उद्यानाचे आरक्षण पडते तो मालक वकील लावून, मोजणी नकाशा जोडून हरकत घेतो आणि तो त्याचा हक्कच आहे. ज्या मुलांसाठी ती शाळा आहे त्यांचे पालक मात्र एक ओळही लिहीत नाहीत. मग हरकती ऐकणाऱ्या समितीपुढच्या फाईलमध्ये एकाच बाजूचे कागद असतात.

प्रक्रियेचा क्रम

कलम २३ नुसार महापालिका किंवा नगरपरिषद आराखडा तयार करण्याचा किंवा जुन्याचे पुनर्विलोकन करण्याचा इरादा जाहीर करते. कलम २५ नुसार शहराचे सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापर नकाशा तयार होतो. कलम २६ नुसार प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागवल्या जातात, कलम २८ नुसार नियोजन समिती सुनावणी घेते, कलम ३० नुसार आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ नुसार शासन त्याला मंजुरी देते. मंजुरीनंतरही कलम ३७ आणि कलम १२७ अशी दोन कलमे नागरिकाने विसरू नयेत. त्यांविषयी पुढे सांगितले आहे.

हा प्रवास लांबतो. पुणे शहराच्या जुन्या हद्दीचा सुधारित प्रारूप आराखडा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या, २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून आपल्या ताब्यात घेतला आणि मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या आणि त्यावर नागरिकांनी एवढा आवाज उठवला की दोनच महिन्यांत तो दुरुस्तीसाठी मागे घ्यावा लागला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून ‘विकास आराखडा २०३४’ लागू झाला. एवढ्या वर्षांत अधिकारी बदलतात, नगरसेवक बदलतात, उत्साही कार्यकर्तेही थकतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाईल उघडावी आणि प्रत्येक अर्ज, पोच, नोटीस व कात्रण तारखेनिशी तिच्यात लावावे. ती फाईल एकाच माणसाच्या घरी न ठेवता तिची छायाप्रत सोसायटीच्या किंवा मंडळाच्या कार्यालयातही ठेवावी.

विद्यमान जमीन वापर नकाशा तपासणे

सर्वाधिक परिणामकारक काम या टप्प्यावर होते आणि नेमके येथेच कोणी फिरकत नाही. विद्यमान जमीन वापर नकाशा म्हणजे आज जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे याची नोंद. पुढचे सगळे प्रस्ताव याच नकाशावर बेतले जातात. त्यात एखादे मैदान ‘रिकामा भूखंड’ म्हणून रंगवले गेले, विहीर राहून गेली किंवा वस्तीतला दवाखाना निवासी इमारत म्हणून दाखवला गेला, तर प्रारूप आराखड्यात त्या गोष्टी अस्तित्वातच नसल्याप्रमाणे रेषा मारल्या जातात. मुंबईत २०१२-१३ मध्ये हा नकाशा नागरिकांपुढे आला तेव्हा प्रभागाप्रभागांतून चुका दाखवून देण्यात आल्या आणि अनेक दुरुस्त्या झाल्या. या टप्प्यावर जाहीर हरकती मागवण्याचे बंधन कायद्यात नाही. त्यामुळे कोणी बोलावण्याची वाट न पाहता इरादा जाहीर झाल्याची नोटीस दिसताच नगररचना विभागाला पत्र द्यावे, आपल्या परिसराचा विद्यमान वापराचा भाग नकाशा मागावा आणि मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा.

नकाशा मिळाला की तो घरात बसून वाचू नये. चार-पाच जणांनी एखाद्या रविवारी सकाळी त्याच्या प्रती हातात घेऊन परिसर पायी फिरावा. प्रत्येक मोकळी जागा, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, मंडई, स्मशानभूमी, प्रार्थनास्थळ, विहीर, नाला, पायवाट आणि मोठे झाड यांची नकाशाशी पडताळणी करावी. जिथे फरक दिसेल तिथे छायाचित्र काढावे. आजकाल मोबाईलवर अक्षांश-रेखांश आणि तारीख छापणारी सोय असते, तिचा उपयोग करावा. ओढे आणि नाले यांकडे विशेष लक्ष द्यावे. जुन्या गावनकाशात ठळक दिसणारा ओढा नव्या नकाशात अरुंद नाली म्हणून दाखवलेला किंवा मध्येच नाहीसा झालेला आढळतो आणि त्याची किंमत पुढे पावसाळ्यात खालच्या अंगाच्या वस्तीला मोजावी लागते. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत मिळते, ‘महाभूनकाशा’ या शासकीय संकेतस्थळावर गट आणि सर्व्हे नंबरांच्या हद्दी पाहता येतात आणि गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रे उघडून ओढा किंवा टेकडी पूर्वी कशी होती हे दाखवता येते. नदीकाठच्या वस्तीने निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आहे की नाही हेही पाहावे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते.

प्रारूप आराखडा हाती आल्यावर

प्रारूप प्रसिद्ध झाल्याची नोटीस शासन राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. मुदत मोजताना ऐकीव माहितीवर विसंबू नये. नोटिशीत छापलेली तारीखच खरी मानावी आणि ती मोठ्या अक्षरांत सोसायटीच्या फलकावर लावावी. मुंबईच्या २०१६ च्या प्रारूपाला ६० दिवसांची मुदत होती. पुढच्या टप्प्यांवरील नोटिशींना याहून कमी, बहुधा महिनाभराची मुदत असते.

बहुतेक लोक रंगीत नकाशा पाहून थांबतात. कलम २६ नुसार नकाशाबरोबर आणखी कागद उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे: विद्यमान वापर आणि सर्वेक्षणांचा अहवाल, आराखड्यातील तरतुदींचे स्पष्टीकरण देणारा अहवाल, नियमावली, अंमलबजावणीच्या टप्प्यांचा अहवाल आणि आरक्षित जमिनी संपादन करण्याच्या खर्चाचा अंदाज. यांपैकी शेवटचे दोन मी प्रत्येकाला आवर्जून वाचायला सांगेन. आराखड्यात शंभर उद्याने दाखवलेली असली आणि संपादनाचा अंदाज महापालिकेच्या ऐपतीपलीकडचा असला, तर त्यांपैकी किती उद्याने प्रत्यक्षात येतील हा प्रश्न याच वेळी लेखी विचारला पाहिजे. कोणते आरक्षण कोणत्या टप्प्यात विकसित होणार, हेही त्याच अहवालात असते आणि आपल्या भागाची सगळी कामे शेवटच्या टप्प्यात ढकललेली असतील तर तो हरकतीचा स्वतंत्र मुद्दा होतो.

नकाशा वाचताना आधी रंगांची सूची पाहावी, मग आपला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधावा. रहिवास विभाग कुठे संपतो आणि शेती किंवा हरित विभाग कुठे सुरू होतो, प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक आणि क्षेत्रफळ किती, नवे डीपी रस्ते कुठून जातात आणि त्यांची रुंदी किती, हे एका वहीत लिहून काढावे. त्यानंतर जुना मंजूर आराखडा शेजारी ठेवून तुलना करावी. जुन्या आराखड्यातली कोणती आरक्षणे नव्यात नाहीत, ही यादी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती कोणी तयार करून देत नाही. नियमावलीत ‘समावेशक आरक्षण’ हा भाग नीट वाचावा. या तरतुदीत मालक आरक्षणाचा ठरावीक भाग विकसित करून महापालिकेकडे सोपवतो आणि उरलेल्या जागेवर स्वतःसाठी बांधकाम करतो. त्यामुळे नकाशावर एक एकराचे दिसणारे मैदान प्रत्यक्षात किती उरेल, हे नियमावली वाचल्याशिवाय कळत नाही.

हरकत लिहिणे

एका पत्रात एकच विषय असावा. दहा तक्रारी एका पत्रात कोंबल्या की नोंदणी करणारा कर्मचारी त्या एकाच विषयाखाली घालतो आणि उरलेल्या नऊ बुडतात. पत्रात आराखड्याचे नाव, नकाशाचा पत्रक क्रमांक, सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, आक्षेप, पुरावा आणि नेमकी मागणी या गोष्टी असाव्यात. मजकूर कसा असावा याचा एक काल्पनिक नमुना पाहू:

“विषय: प्रारूप सुधारित विकास आराखड्यावर कलम २८(१) अन्वये हरकत व सूचना. पत्रक क्रमांक ७ वर सर्व्हे नंबर ४५, हिस्सा नंबर २ मधून १२ मीटर रुंदीचा नवा रस्ता प्रस्तावित आहे. या आखणीत सार्वजनिक विहीर आणि तिच्या पूर्वेकडील ओढा येतो. विद्यमान जमीन वापर नकाशावर या दोन्ही गोष्टी दाखवलेल्या नाहीत. ओढा गावनकाशात आहे (जोडपत्र १), विहिरीची नोंद सातबारा उताऱ्यावर आहे (जोडपत्र २) आणि दोन्हींची छायाचित्रे जोडली आहेत (जोडपत्र ३). मागणी: (अ) विहीर व ओढा नकाशावर दाखवावा, (आ) रस्त्याची आखणी सर्व्हे नंबर ४४ व ४५ यांच्या सामाईक हद्दीवरून करावी, (इ) ते शक्य नसल्यास रस्त्याची रुंदी ९ मीटर ठेवून विहिरीची जागा वगळावी. सुनावणीस उपस्थित राहण्याची आमची इच्छा आहे.”

या नमुन्यात पर्यायी मागणीही लिहिली आहे, हे लक्षात घ्यावे. समितीला मुख्य मागणी मान्य करणे शक्य नसेल, तर काहीतरी देण्याची वाट तिच्यापुढे खुली राहते. मात्र रस्ता किंवा आरक्षण दुसरीकडे हलवा असे लिहिताना ते कोणाच्या डोक्यावर जाणार आहे याचा विचार करणे हे आपले कर्तव्य आहे. शेजारच्या झोपडवस्तीवरून रस्ता न्यावा अशी मागणी करणाऱ्या सोसायटीला मी तरी कधी मदत करणार नाही. वरील उदाहरणात सामाईक हद्दीवरच्या दोन्ही जमीनधारकांशी आधी बोलून त्यांची संमती जोडता आली, तर मागणीचे वजन वाढते.

आता सूचनेविषयी. हरकत म्हणजे विरोध आणि सूचना म्हणजे किरकोळ सुधारणा असा समज आहे, तो सोडावा. आराखड्यातली एखादी चांगली तरतूद कायम ठेवा, असे पाठिंब्याचे पत्र हीसुद्धा कायदेशीर सूचना आहे. पुण्यात १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे ‘बीडीपी’चे, सुमारे ९७८ हेक्टरचे आरक्षण प्रस्तावित झाले. ते उठवण्यासाठी मोठा दबाव होता. नागरिकांनी मात्र टेकड्या राखण्याच्या बाजूने वर्षानुवर्षे जाहीरपणे आणि लेखी आपले म्हणणे लावून धरले आणि अखेर २०१५ मध्ये शासनाने ते आरक्षण कायम केले. आपल्या भागात उद्यान, शाळा, बसस्थानक, मंडई किंवा पुराच्या पाण्यासाठी मोकळी जागा राखली गेली असेल, तर “हे आरक्षण कायम ठेवावे” असे पत्र मुदतीत दिलेच पाहिजे. त्यात लाभ घेणाऱ्या लोकांची संख्या, जवळची तशीच सोय किती अंतरावर आहे आणि तिथे जाताना कोणते मोठे रस्ते ओलांडावे लागतात, एवढे लिहिले तरी ते पत्र बोलके होते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दर माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. आपल्या प्रभागाची लोकसंख्या आणि प्रत्यक्ष मोकळे क्षेत्र यांचा भागाकार करून तो आकडा शेजारी मांडावा.

छापील अर्जांच्या गठ्ठ्यांविषयीही थोडे सांगतो. हजार सह्यांमुळे विषयाकडे लक्ष वेधले जाते, वर्तमानपत्रांत बातमी येते आणि लोकप्रतिनिधी दखल घेतात, म्हणून ते निरर्थक नाहीत. पण एकसारखे अर्ज एकत्र करून एकच सुनावणी घेतली जाते. म्हणून सह्यांच्या गठ्ठ्याबरोबर पुरावे जोडलेली आठ-दहा स्वतंत्र पत्रे द्यावीत आणि प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे.

पत्र दोन प्रतींत न्यावे, आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्यावी. ऑनलाइन सोय असली तरी प्रत्यक्ष प्रतही द्यावी, कारण जोडपत्रे मोठी असतात आणि अपलोड होताना नकाशांवरची अक्षरे वाचण्याजोगी राहत नाहीत.

सुनावणी

कलम २८ नुसार महापालिकेच्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरण यांची जाण असलेल्या, शासनाच्या बाजूने नेमलेल्या जास्तीत जास्त चार व्यक्ती असतात. हरकत किंवा सूचना देणाऱ्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे या समितीवर बंधनकारक आहे. ज्याने लेखी काही दिलेलेच नाही त्याला हा हक्क मिळत नाही, हे आणखी एक कारण पाठिंब्याची पत्रे देण्याचे.

सुनावणीची सूचना पत्राने किंवा मोबाईल संदेशाने येते. पत्ता आणि मोबाईल क्रमांक हरकतीवर ठळक लिहावा आणि तो बदलला तर लेखी कळवावे. प्रत्यक्ष सुनावणीत टेबलापलीकडे समितीचे सदस्य, शेजारी नकाशा घेतलेले नगररचना अधिकारी, समोर हरकतींची यादी आणि बाहेर रांगेत उभी माणसे असे दृश्य असते. हरकती हजारोंनी असल्यामुळे प्रत्येकाला काही मिनिटेच मिळतात. त्यामुळे पार्श्वभूमी सांगत बसू नये. पहिल्या वाक्यात हरकतीचा क्रमांक आणि आरक्षण क्रमांक, दुसऱ्या वाक्यात मागणी आणि त्यानंतर पुरावा, असा क्रम ठेवावा. ए-३ आकाराच्या कागदावर आपल्या भागाचा नकाशा मोठा करून त्यावर विवादित जागा लाल शाईने दाखवावी आणि तो थेट टेबलावर ठेवावा. सदस्य नकाशावर बोट ठेवून प्रश्न विचारू लागले की आपले म्हणणे पोहोचले असे समजावे. तोंडी मांडलेल्या मुद्द्यांचे एक पानी निवेदन तिथेच देऊन त्याची पोच घ्यावी. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधीला अधिकारपत्र द्यावे. कामाचा दिवस बुडवून येणाऱ्या हातावर पोट असलेल्या माणसांना सोसायटीतल्या सवड असलेल्यांनी सोबत करावी, त्यांची कागदपत्रे लावून द्यावीत. या प्रक्रियेत सर्वांत जास्त गमावतात ते हेच लोक आणि सर्वांत कमी ऐकले जाते तेही त्यांचेच.

सुनावणीनंतर शासनाच्या मंजुरीपर्यंत

समिती आपला अहवाल नियोजन प्राधिकरणाला देते, महापालिकेची सर्वसाधारण सभा त्यावर निर्णय घेते आणि केलेल्या बदलांची यादी प्रसिद्ध होते. सभागृह अस्तित्वात नसेल तर हे अधिकार प्रशासकाकडे असतात. या यादीत आपल्या हरकतीचे काय झाले एवढेच पाहून थांबू नये. आपण ज्याला हातही लावला नव्हता अशा जागेवरचे आरक्षण इतर कोणाच्या हरकतीवरून उठले आहे का, हे तपासावे. समितीच्या अहवालात हरकतीनिहाय शिफारस असते. ती माहिती अधिकारात मागावी. अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

त्यानंतर आराखडा नगर विकास विभागाकडे जातो. शासनाला सारभूत स्वरूपाचे, म्हणजे आराखड्याचा गाभा बदलणारे, बदल करायचे असतील तर त्यांची स्वतंत्र नोटीस काढून पुन्हा हरकती मागवाव्या लागतात आणि नेमलेला अधिकारी त्या ऐकतो. आराखड्याचा काही भाग मंजूर होतो आणि वादाचा भाग वेगळा ठेवला जातो, त्याला बोलीभाषेत ‘ईपी’ म्हणतात. पहिल्या फेरीत हजारोंनी आलेले नागरिक या दुसऱ्या फेरीत दिसत नाहीत, आणि म्हणूनच आपली फाईल, आपली पोच आणि आपले जुने पुरावे घेऊन पुन्हा लिहिणाऱ्याचे पत्र येथे अधिक लक्षपूर्वक वाचले जाण्याची शक्यता असते.

मंजुरीनंतरची राखण

मंजूर आराखड्यातही बदल होतात. कलम ३७ नुसार एखाद्या भूखंडाचा विभाग किंवा आरक्षण बदलण्यासाठी नोटीस निघते आणि हरकतीसाठी एक महिन्याची मुदत असते. ही नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, फक्त सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ देऊन छापलेली असते. परिसरातल्या एका माणसाने दर आठवड्याला जाहीर नोटिसा, महापालिकेच्या संकेतस्थळावरचा नगररचना विभाग आणि राजपत्र पाहण्याची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी आपल्या भागातील सगळ्या आरक्षणांचे सर्व्हे नंबर एका कागदावर लिहून ठेवावेत, म्हणजे नोटिशीतला क्रमांक ओळखीचा वाटेल.

कलम १२७ याहून गंभीर आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन किंवा त्यासाठी कायद्याने अपेक्षित पावले झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मालकाची जमीन अनंतकाळ अडकवून ठेवणे अन्यायाचे आहे, म्हणून ही तरतूद योग्यच आहे. पण यात आरक्षण जाते ते बहुधा महापालिकेने वेळेत काहीच न केल्यामुळे, आणि मैदान गेल्याचे वस्तीला कळते तेव्हा जागेभोवती पत्र्याचे कुंपण ठोकलेले असते. म्हणून दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एकच अर्ज करावा: आमच्या प्रभागातील कोणकोणत्या आरक्षणांबाबत कलम १२७ खाली खरेदी सूचना प्राप्त झाल्या, कोणत्या तारखेस आणि त्यावर काय कार्यवाही झाली. उत्तरात एखादी तारीख दिसली की त्यात २४ महिने मिळवावेत, तो दिवस कॅलेंडरवर मांडावा आणि त्याच आठवड्यात आयुक्त व प्रभागाचे नगरसेवक यांना पत्र देऊन त्या जागेच्या संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याची किंवा टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा ताब्यात घेण्याची मागणी करावी. महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चपूर्वी ठरते, त्यामुळे हे पत्र शक्यतो डिसेंबरपूर्वी पोहोचावे आणि त्याचीही पोच त्याच फाईलमध्ये लावावी.